टेलिफोन कंपनी आणि १९५६ चा हुकूमनामा

अमेरिकेतील गूगल कंपनीविरुद्धच्या खटल्याचे वृत्त आपल्या वाचनात आले असेलच. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता यांनी – हे गृहस्थ जन्माने गुजरातेतील पाटणचे, बालपणीच तिकडे गेलेले – असा निर्णय दिला की, इंटरनेटवरील शोधाच्या व्यवसायात या कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवून धरली आहे. आता तिचे करावयाचे काय, हा प्रश्न उरला होता. कंपनीने आपला क्रोम नावाचा ब्राउझर विकून टाकावा, अशी सरकारी वकिलांची मागणी होती. २ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीशांनी ती मागणी नाकारली. दुसऱ्या कोणास थारा मिळू नये असे करार कंपनीने करू नयेत आणि आपल्या शोधयंत्राच्या भांडारातील काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, एवढाच त्यांचा हुकूम झाला. पुष्कळांना हा निकाल फार मवाळ वाटला. पाच वर्षे खटला चालवून सरकारच्या हाती काय लागले, असा सूर अनेकांनी लावला.

हा सूर अमेरिकेत नवा नव्हे. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी, २४ जानेवारी १९५६ रोजी, त्या काळच्या सर्वांत मोठ्या कंपनीविरुद्धचा खटला असाच तडजोडीने मिटला होता, आणि तेव्हाही सरकारने कच खाल्ली असे विद्वानांनी व लोकप्रतिनिधींनी म्हटले होते. ती कंपनी म्हणजे अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ. लोक तिला कधी कौतुकाने, कधी चिडून ‘मा बेल’ म्हणजे बेल आई म्हणत. त्या तडजोडीतून जे निघाले ते कोणाच्याच स्वप्नात नव्हते. आज त्याचीच हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

आरंभी थोडे मागे जावे लागेल. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा पेशाने मुक्याबहिऱ्यांचा शिक्षक. आम्हा शिक्षकमंडळींना या गोष्टीचा उगाच अभिमान वाटतो. त्याची पत्नी मेबल ही त्याची बहिरी विद्यार्थिनीच होती, आणि तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे बॉस्टनचे एक व्यवहारचतुर वकील होते. ७ मार्च १८७६ रोजी बेलला पेटंट मिळाले. पुढे धंदा उभारताना या सासऱ्यांनी एक निर्णय घेतला, तो दिसावयास लहान, पण शंभर वर्षे पुरणारा ठरला. टेलिफोनचे यंत्र ग्राहकास विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे. घर तुमचे, भिंत तुमची, बोलणेही तुमचे. परंतु भिंतीवरचे यंत्र मात्र कंपनीचे. हे सूत्र ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

मूळ पेटंटांची मुदत १८९३ व १८९४ मध्ये संपली, आणि गावोगाव स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या. १९०७ च्या सुमारास देशातील जवळजवळ निम्मे टेलिफोन या स्वतंत्र कंपन्यांचे होते. पण एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. तेव्हा एकाच शहरातील व्यापाऱ्याच्या मेजावर दोन यंत्रे ठेवण्याची पाळी आली. बेलच्या कंपनीपाशी लांब पल्ल्याच्या तारा होत्या, आणि त्यांवर इतरांचे बोलणे जाऊ द्यावयाचे नाही, हे तिचे हत्यार होते. त्या वर्षी कंपनीची सूत्रे थिओडोर व्हेल यांच्या हाती आली. एक धोरण, एक यंत्रणा आणि सर्वांस सेवा, अशी त्यांची घोषणा होती. हे गृहस्थ नुसते धनलोभी नव्हते. टेलिफोन हा रस्त्यासारखा असून एका गावी दोन रस्ते समांतर बांधणे हा मूर्खपणा होय, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. रस्ता एकच असेल तर त्यावर सरकारची देखरेख हवी, हेही त्यांनी मान्य केले. आपल्याकडे हा प्रश्न या रूपाने उभा राहिला नाही, कारण स्वातंत्र्यानंतर टेलिफोन सरकारच्या डाकतार खात्याचाच होता. आपल्या वाट्यास आली ती वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी.

अमेरिकेत १८९० पासून मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा होता. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याखाली रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करविले. ही कुऱ्हाड आपल्यावर येऊ नये म्हणून १९१३ च्या डिसेंबरात टेलिफोन कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी अ‍ॅटर्नी जनरलना पत्र लिहिले. वेस्टर्न युनियन या तार-कंपनीतील आपले भाग विकण्याचे, स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारांवर वाट देण्याचे आणि प्रतिस्पर्धी कंपन्या परवानगीवाचून विकत न घेण्याचे त्यात कबूल केले होते. कुऱ्हाड टळली. १९३४ मध्ये दर व नियम पाहण्यासाठी मध्यवर्ती दळणवळण आयोग नेमला गेला, आणि व्हेल यांचे स्वप्न बव्हंशी खरे झाले.

या मक्तेदारीचे गुणही मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. अमेरिकेची टेलिफोनव्यवस्था जगात उत्तम गणली जाई. १९२५ मध्ये कंपनीने बेल प्रयोगशाळा स्थापन केली. उद्या नफा व्हावा अशी घाई नसलेले शास्त्रज्ञ तेथे निवांतपणे काम करीत. डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन व विल्यम शॉक्ली या त्रयीने तेथेच ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्याबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले.

मग सरकारची तक्रार ती काय? तक्रार हिशेबाची होती. वर्गात फळ्यावर मांडावे तसे मांडतो. टेलिफोनचे दर ठरविताना आयोग पाहत असे की, कंपनीने भांडवल किती गुंतविले. त्यावर वाजवी टक्का धरून दर ठरत. आता टेलिफोनची यंत्रे, तारा व एक्सचेंजची सामग्री बनविणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी बेलच्याच मालकीची. आईने लेकीकडून माल घ्यावा आणि लेकीने वाटेल तो भाव लावावा. भाव जितका चढा, तितके भांडवल मोठे, तितका ग्राहकाचा दर अधिक. आणि बाहेरच्या कारखानदारास शिरकाव नसल्याने खरा बाजारभाव काय, हे पडताळण्यास जागाच नाही. म्हणून १४ जानेवारी १९४९ रोजी न्यायखात्याने दावा लावला. वेस्टर्न इलेक्ट्रिक अलग करा, तिचे तीन तुकडे करा, अशी मागणी त्यात होती.

दावा रेंगाळला. कोरियाचे युद्ध आले. रडार, क्षेपणास्त्रे, सँडिया येथील अण्वस्त्रांचे काम, हे सारे याच कंपनीवर सोपविलेले. तेव्हा संरक्षणखात्यानेच रदबदली सुरू केली. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांचे सरकार अधिकारावर आले. त्यांचे अ‍ॅटर्नी जनरल हर्बर्ट ब्राउनेल यांनी एका विश्रामस्थानी कंपनीच्या प्रमुख वकिलाची खाजगीत भेट घेतली, आणि कंपनीस फारशी इजा न होता कोणते निर्बंध स्वीकारता येतील ते तिने स्वतःच पाहावे, असे सुचविले. ही गोष्ट पुढे काँग्रेसच्या चौकशीत उघडकीस आली. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांच्या उपसमितीने १९५८ मध्ये साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी आपल्या अहवालात त्या तडजोडीचे वाभाडे काढले. फिर्यादीनेच आरोपीस शिक्षा सुचविण्यास सांगावे, हा प्रकार निंद्य होता यात संशय नाही. सेलर यांचा संताप योग्यच होता, असे मीही म्हणेन.

परंतु हुकूमनाम्यात होते तरी काय? वेस्टर्न इलेक्ट्रिक शाबूत राहिली. त्याच्या बदल्यात दोन अटी कंपनीने पत्करल्या. एक, तोपर्यंत मिळालेली सर्व पेटंटे – ती सात हजारांहून अधिक होती – मागेल त्या अमेरिकन कारखानदारास विनामूल्य वापरू द्यावयाची. काही बड्या कंपन्यांपुरताच काय तो अपवाद. पुढील पेटंटेही वाजवी मोबदल्याने द्यावयाची. दोन, सरकारी काम वगळता कंपनीने टेलिफोन-दळणवळणाबाहेर इतर कोणत्याही धंद्यात पाऊल टाकावयाचे नाही. वकिलांच्या दृष्टीने या अटी किरकोळ. संगणक तेव्हा खोलीभर मोठे, मोजक्या संस्थांपाशी असलेले यंत्र होते. त्या धंद्याचा मोह सोडण्यात कंपनीस काही विशेष त्याग वाटला नाही.

ट्रान्झिस्टरचे दार या आधीच किलकिले झाले होते. खटल्याची टांगती तलवार असल्यामुळे १९५२ मध्ये कंपनीने २५ हजार डॉलर्स अनामत घेऊन इतरांना ही विद्या शिकविली होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती घेतली. पुढे सोनी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या जपानी कंपनीनेही घेतली. बहिऱ्यांसाठी श्रवणयंत्रे करणाऱ्यांस मात्र बेलच्या स्मरणार्थ मोबदला माफ केला होता. १९५६ च्या हुकूमनाम्याने हे किलकिले दार सताड उघडले. त्याच वर्षी शॉक्ली कॅलिफोर्नियात जाऊन स्वतंत्र कारखाना काढता झाला. त्याच्या तऱ्हेवाईकपणास कंटाळून १९५७ मध्ये आठ तरुण तेथून निघाले व त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर स्थापिली. १९५९ मध्ये त्यांच्यापैकी रॉबर्ट नॉइस याने एकात्म मंडलाच्या – ज्याला आज आपण चिप म्हणतो – पेटंटासाठी अर्ज केला, आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूरसह इंटेल काढली. म्हणजे सेलर यांची समिती वॉशिंग्टनमध्ये हुकूमनाम्यावर कोरडे ओढीत होती, त्याच वर्षी तीन हजार मैलांवर सिलिकॉनचा नवा उद्योग अंग धरीत होता. सारे श्रेय हुकूमनाम्याला देणे अतिशयोक्तीचे होईल; लष्कराच्या मागणीने आणि पैशानेही या उद्योगास वाढविले. पण ट्रान्झिस्टरवर एकाच घराण्याचे कुलूप असते तर हा उद्योग इतक्या हातांत इतक्या लवकर गेला नसता, हे मानण्यास हरकत नाही.

दुसऱ्या अटीची कथा तर अधिकच गमतीची. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणकाची कार्यव्यवस्था रचावयास घेतली. व्यवस्था उत्तम साधली. परंतु कंपनीस संगणकाचा धंदा करण्याची बंदी! विकता येईना, तेव्हा विद्यापीठांना नाममात्र शुल्कात ती मूळ लिखाणासह दिली जाऊ लागली. हाती आलेली ही संपूर्ण संहिता विद्यार्थ्यांनी वाचली, दुरुस्त केली, वाढविली. बर्कली येथे तर तिची निराळी शाखाच निर्माण झाली. आपल्या खिशातील फोन अ‍ॅपलचा असो वा अँड्रॉइडचा, त्याच्या पोटातील व्यवस्थेचे कूळ युनिक्सच्या या घराण्यापर्यंत पोचते. व्यापार करण्याची मनाई हीच ज्ञानाच्या प्रसारास कारण झाली, असे उदाहरण औद्योगिक इतिहासात विरळा.

आता ते भाड्याच्या यंत्राचे सूत्र पुन्हा हाती घेऊ. टेलिफोनच्या बोलण्याच्या तोंडावर बसविण्याचा एक पेला मिळत असे. त्याचे नाव हश-ए-फोन. त्यात तोंड घालून बोलले की शेजारच्यास ऐकू जात नसे. एवढीशी ती वस्तू. पण कंपनीचा नियम असा की, तिच्या यंत्रास तिने न दिलेली कोणतीही वस्तू जोडणे निषिद्ध. पेलेवाल्याने आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने कित्येक वर्षे विचार केला, आणि अशा पेल्याने आवाज अस्पष्ट होऊन टेलिफोनव्यवस्थेची हानी होते, म्हणून तो नसावा, असे १९५५ मध्ये ठरविले! दुसऱ्या वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. ग्राहक आपल्या तळहाताची ओंजळ करून हलक्या आवाजात बोलू शकतो, मग तेच काम पेल्याने केले तर काय बिघडले, असा त्या न्यायालयाचा साधा सवाल होता. दुसऱ्यास अपाय न करता आपल्या सोयीसाठी टेलिफोन वापरण्याचा ग्राहकास हक्क आहे, हे तत्त्व त्यातून निघाले. १९६८ मध्ये त्याच तत्त्वावर टेक्सासच्या टॉमस कार्टर यांना विजय मिळाला. दूरच्या तेलविहिरींवरील माणसांचा रेडिओ टेलिफोनला जोडणारे कार्टरफोन नावाचे यंत्र त्यांनी केले होते. त्या निकालानंतर उत्तरे नोंदविणारी यंत्रे, फॅक्स आणि संगणकांचे मोडेम टेलिफोनच्या तारेला लावण्याची वाट मोकळी झाली. घराघरांतील संगणक पुढे इंटरनेटशी जोडले गेले ते याच वाटेने. पेल्याच्या खटल्यात लाखो डॉलर्सचा प्रश्न नव्हता. म्हणूनच कदाचित इतिहासकार त्याच्याकडे क्वचित वळतात.

१९६९ मध्ये एम. सी. आय. या लहान कंपनीस शिकागो व सेंट लुइस यांच्या दरम्यान सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांनी खाजगी सेवा देण्याची परवानगी मिळाली, आणि लांब पल्ल्याच्या तारांचे जुने हत्यारही बोथट होऊ लागले. २० नोव्हेंबर १९७४ रोजी न्यायखात्याने पुनश्च खटला भरला. तो न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन यांच्यापुढे आला. हे स्वतः नाझी जर्मनीतून पळून आलेले निर्वासित. त्यांचे न्यायासन कणखर होते, हे कंपनीने ओळखले असावे. ८ जानेवारी १९८२ रोजी तिने तुकडे होण्यास संमती दिली. योगायोग असा की, त्याच दिवशी सरकारने आय. बी. एम. विरुद्धचा तेरा वर्षांचा खटला मागे घेतला. १ जानेवारी १९८४ रोजी सुमारे १० लाख नोकरांचे हे कुटुंब विभक्त झाले. गावोगावची सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याची सेवा, कारखाने आणि प्रयोगशाळा आईकडे राहिल्या.

लांब पल्ल्याचे दर उतरले, ही जमेची बाजू. घरगुती बिले मात्र वाढली, आणि कुठे तक्रार करावी हे सामान्य माणसास कळेनासे झाले. बेल प्रयोगशाळा १९९६ मध्ये ल्युसेंट या नव्या कंपनीकडे गेली. शतकाच्या अखेरीस आपले मुंबईत शिकलेले अरुण नेत्रावळी तिचे अध्यक्ष झाले. पण मक्तेदारीच्या उबेत पोसलेले ते निवांत संशोधन उघड्या बाजारात टिकले नाही. आज ती नोकिया या फिनलंडच्या कंपनीची आहे. फुटीची ही किंमत फुटीचे समर्थक सहसा हिशेबात धरीत नाहीत. आणखी एक गोष्ट पाहा. १९८२ च्या तडजोडीने १९५६ ची बंदी उठली, कंपनी संगणकाच्या धंद्यात मोकळी झाली. लगेच युनिक्सचे शुल्क चढले आणि विद्यापीठांची मुक्त देवघेव आखडली. धंद्यात मात्र कंपनीस यश आले नाही, ते नाहीच.

आणि तुकड्यांचे काय झाले? १९९६ च्या नव्या कायद्यानंतर ते एकमेकांकडे सरकू लागले. साऊथवेस्टर्न बेल या लेकीने पॅसिफिक टेलेसिस व अमेरिटेक या दोन बहिणी विकत घेतल्या. २००५ मध्ये प्रत्यक्ष आईलाच विकत घेऊन तिचे नाव स्वतः धारण केले. पुढच्या वर्षी बेलसाऊथही घेतली. इतर दोघी मिळून व्हेरायझन झाली. सातांपैकी चार पुन्हा एका छत्राखाली आल्या. मायक्रोसॉफ्टच्या वेळी, २००० मध्ये, खालच्या न्यायालयाने दोन तुकड्यांचा हुकूम दिला होता. तो २००१ मध्ये अपिलात रद्द झाला. फोडलेले सांधता येते. उलट १९५६ मध्ये मुक्त केलेली पेटंटे कोणास परत कुलपात घालता आली नाहीत, आणि ओंजळीच्या निकालाने मिळालेला हक्कही कोणी काढून घेऊ शकले नाही.

म्हणून गूगलच्या निकालाकडे पाहताना क्रोम वाचला की गेला, यापेक्षा माझे लक्ष दुसऱ्या कलमाकडे जाते. शोधयंत्राच्या भांडारातील जी माहिती द्यावयाची ती कोणत्या स्वरूपात, किती ताजी आणि किती मोबदल्याने? पात्र प्रतिस्पर्धी कोणास म्हणावयाचे? १९५६ ची पेटंटे छापील व तयार होती; मागणाऱ्याने अर्ज करावा एवढेच काम. येथील वस्तू रोज बदलणारी आहे, तिच्यात कोट्यवधी माणसांच्या खाजगी प्रश्नांचे ठसे आहेत, आणि ती हाती देताना कुणाचे गुपित फुटू नये हेही पाहावयाचे आहे. निकालपत्रात न्यायाधीश मेहता यांनी प्रश्नांना थेट उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या कंपन्यांचा विस्ताराने विचार केला आहे; खटला भरला त्या २०२० साली यांतल्या बहुतेकींचे नाव सामान्य माणसाने ऐकलेही नव्हते. हुकमाची मुदत सहा वर्षांची ठरली असून देखरेखीस तंत्रज्ञांची एक समिती नेमण्याचाही आदेश झाला.